बोलिंजरच्या शॅम्पेनला अक्रोडाचा वास येतो: बाटली बिघडली, की घराची पद्धतच तशी?

निरंजन_माहीम

नमस्कार मंडळी. ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भाऊजींनी दुबईहून येताना बोलिंजर स्पेशल क्युवेच्या दोन बाटल्या आणल्या. एक गेल्या शनिवारी घरीच उघडली. आजवर मी ज्या एकदोन शॅम्पेन चाखल्या त्यांत लिंबू, हिरवं सफरचंद असा आंबटसर ताजेपणा होता. इथे वेगळंच निघालं. वास भाजलेल्या सफरचंदाचा, त्यामागून अक्रोडाची साल आणि लोण्यावर परतलेला पाव. रंग सोनेरी. बुडबुडे बारीक आणि शेवटपर्यंत टिकलेले.

माझे साडू वाइनमधले जाणकार समजले जातात. त्यांनी पहिल्याच घोटाला सांगितलं, "ही ऑक्सिडाइझ झालीय, उतरलीय." भाऊजी हिरमुसले, ताईने पेला बाजूला ठेवला. मला मात्र ती आवडली होती, पण का आवडली ते धड सांगता येईना.

तर प्रश्न असे. बाटली खरंच बिघडलेली होती का? नसेल तर हा वास येतो कुठून? आणि हे घराणं नेमकं कोणाचं? नेटवर सगळीकडे "जुन्या पद्धतीने करतात" एवढंच लिहिलंय, पण जुनी पद्धत म्हणजे काय करतात ते कुणी सांगत नाही. दुसरी बाटली अजून शिल्लक आहे, ती उघडण्याआधी समजून घ्यायचंय.

---

द्राक्षमळा_दिंडोरी

निरंजन, तुमची बाटली चांगली होती. हे मी वर्णनावरूनच ठामपणे सांगते, कारण बुडबुडे टिकले आणि रंग सोनेरीच राहिला (तपकिरी झाला नाही). बिघडलेली शॅम्पेन आधी मरगळते. तिची फळाची चव जाते, बुडबुडे विरतात आणि मागे नुसता शिळा कडवटपणा राहतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष समजावा. व्हिनेगर किंवा उकडलेल्या कोबीसारखं काही आलं तरीही शंका घ्यावी. अक्रोड, भाजलेलं सफरचंद आणि पाव ही तर बोलिंजरची ओळख आहे. ते घर (शॅम्पेन करणाऱ्या कंपनीला 'घर' म्हणतात) वर्षानुवर्षं मेहनत करतं ते हेच वास आणण्यासाठी.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. वडिलांची द्राक्षबाग आहे, आणि मी आमच्याच तालुक्यात एका वायनरीच्या सेलरमध्ये फसफसत्या वाइनच्या विभागात काम करते. एक हंगाम फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, मार्न नदीच्या खोऱ्यात एका लहान बागायतदाराकडे तोडणीला आणि प्रेसवर होते. आयी हे बोलिंजरचं गाव तिथून जवळच. एपर्ने शहराला लागून, नदीच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या खडूच्या उतारावर. पिनो न्वार ही काळी द्राक्षं तिथे अशी पिकतात की त्यांच्या रसाला एक भरीवपणा येतो. बोलिंजरचं सगळं घर या पिनो न्वारवर उभं आहे. तुमच्या स्पेशल क्युवेत ती साधारण ६० टक्के असते, शार्दोने ही पांढरी द्राक्षं २५ आणि म्यूनिए ही दुसरी काळी जात १५. बहुतेक मोठी घरं द्राक्षं मुख्यतः विकत घेतात. बोलिंजरच्या स्वतःच्या बागा १८० हेक्टरांच्या आसपास आहेत आणि निम्म्याहून जास्त माल तिथूनच येतो. आयीबरोबर व्हेर्झने या गावातही त्यांच्या बागा आहेत. त्या उतारांचं तोंड उत्तरेकडे, म्हणून तिथला पिनो ताठ आणि आंबट. आयीचा भरदार आणि व्हेर्झनेचा ताठ, या दोघांना एकत्र आणलं की पाया तयार होतो.

आता वासाकडे येते. त्याची गुरुकिल्ली आहे हवा, म्हणजे ऑक्सिजन. आम्हा सेलरवाल्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की हवा शत्रू आहे. टाकी काठोकाठ भरा, वर नायट्रोजन सोडा, पंप करताना रस उडू देऊ नका. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसाच रसही पडतो. बोलिंजर याच्या उलट्या वाटेने जातं. हवेला दारं बंद करण्याऐवजी ते तिला सुरुवातीलाच, थोडी थोडी, मोजून आत घेतात. पहिलं आंबवणं ओकच्या जुन्या पिंपांत करतात. लाकडातून हवा झिरपते, आणि रसातले जे घटक पुढे जाऊन बिघाड करणार असतात ते त्या वयातच हवेशी झगडून खाली बसतात. उरलेली वाइन त्यानंतर हवेला फारशी घाबरत नाही. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकते. हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा आमच्या कामाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

पिंपं जुनी असतात हे महत्त्वाचं. नव्या ओकचा व्हॅनिला आणि धुराचा वास त्यांना नको असतो, नुसता लाकडाचा श्वास हवा असतो. त्यामुळे बर्गंडी या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन प्रांतात काही हंगाम वापरून झालेली पिंपं ते आणतात. बर्गंडीतलं शांसाँ हे घर १९९९ पासून त्यांच्याच कंपनीचं आहे, तिथूनही येतात. अशी हजारो पिंपं आयीच्या तळघरात आहेत, आणि ती दुरुस्त करायला घराचा स्वतःचा पिंपकार पगारावर आहे. शॅम्पेनमध्ये असा माणूस ठेवणारं हे शेवटचं घर म्हणतात. फळी गळायला लागली की तो ती बदलतो, लोखंडी कडी ठोकून बसवतो. पिंप टाकून देत नाहीत.

स्पेशल क्युवे मात्र सगळी पिंपातली नसते. काही भाग स्टीलच्या टाकीत आंबवतात, काही पिंपात. पूर्ण पिंपातली असते ती चांगल्या वर्षीच निघणारी ला ग्रांद आने.

पण तुम्हाला आलेला अक्रोड बराचसा दुसरीकडून आलाय, आणि ही गोष्ट मला या घरातली सगळ्यात सुंदर वाटते. बिनसालाच्या, म्हणजे लेबलवर वर्ष नसलेल्या, शॅम्पेनमध्ये मागच्या वर्षांची राखीव वाइन मिसळतात, म्हणजे वाईट हंगामातही चव तीच राहते. बाकीची घरं ही राखीव वाइन बहुधा मोठ्या टाक्यांत ठेवतात. बोलिंजर मॅग्नममध्ये ठेवतं, दीड लिटरच्या बाटलीत, खऱ्या बुचाने बंद करून. प्रत्येक गावाची, प्रत्येक वर्षाची, प्रत्येक जातीची वेगळी. भरताना अगदी थोडी साखर आणि यीस्ट घालतात, म्हणजे आत हलकासा फेस धरतो आणि वाइन ताजी राहते. अशा काही लाख मॅग्नम तळघरात आडव्या पडून असतात, पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. मिश्रण करायची वेळ आली की त्यांतल्या हजारो हाताने उघडायच्या आणि वास घेऊन ओतायच्या. एखाद्या बुचाने दगा दिला असेल तर ती बाटली बाजूला. टाकीचा कॉक फिरवून जे काम मिनिटांत होईल त्याला इथे माणसांचे दिवसच्या दिवस जातात. त्या मॅग्नममध्ये यीस्टच्या गाळावर पडून राहिलेल्या वाइनला पाव, अक्रोड, सुकं फळ असे वास धरतात. मिश्रणात तिचा वाटा लहान असतो, पण तो बोलतो.

शेवटी बाटलीत दुसऱ्यांदा आंबवणं. नियमाप्रमाणे बिनसालाची शॅम्पेन किमान १५ महिने तळघरात राहिली पाहिजे. स्पेशल क्युवे साधारण तीन वर्षं ठेवतात. मेलेलं यीस्ट आतल्या आत विरघळत जातं, त्याने तो लोण्यावरच्या पावाचा वास येतो आणि फेस मऊ होतो. मग गाळ काढतात आणि लिटरला ७-८ ग्रॅम साखर घालतात. ब्रूट म्हणजे कोरड्या शॅम्पेनची मर्यादा १२ ग्रॅमची आहे, त्या मानाने ही कमीच.

तुमच्या साडूंनी ओळखलं ते खोटं नव्हतं. हवेचा हात त्यात आहेच. मात्र तो हात वाइनकर्त्याने ठरवून लावलेला आहे.

दुसरी बाटली उघडताना दोन गोष्टी करा. अगदी गार करू नका, १० ते १२ अंशांवर प्या. आणि उंच अरुंद पेला नको, साध्या व्हाइट वाइनचा पोटाचा पेला घ्या. ओतल्यावर पंधरा मिनिटं थांबा. सफरचंदामागून पीच आणि मसाला वर येईल.

---

कावेरी_क्रॉयडन

फारच छान लिहिलंत, ताई. ब्रिटनमध्ये हे घर इतकं रुजलेलं आहे की इथल्या लग्नांत लोक नुसतं "बॉली" म्हणतात. त्यामागे जुना इतिहास आहे. १८८४ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांना राजघराण्याचे पुरवठादार म्हणून सनद दिली. "स्पेशल क्युवे" हे नावही इंग्लंडसाठीच निघालं. १९११ च्या सुमाराला इथल्या एजंटला "बिनसालाची ब्रूट" असं फ्रेंच नाव रुक्ष वाटलं, म्हणून जॉर्ज बोलिंजर यांनी हे नाव ठेवलं. इंग्रजांना कोरडी, भरदार शॅम्पेन जेवणाबरोबर प्यायची सवय होती आणि रशियाला गोडमिट्ट. बोलिंजरने कोरड्या बाजूला कौल दिला.

जेम्स बाँडचं सगळ्यांना माहीतच असेल. १९७३ च्या चित्रपटात ही बाटली पहिल्यांदा दिसली, आणि १९७९ पासून ती त्याची नेहमीचीच झाली. माझ्या ऑफिसातली तरुण मुलं तेवढ्यासाठीच घेतात आणि मग तुमच्या साडूंसारखीच चकित होतात.

---

सचिन_जी

माहिती उत्तम, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. पिंपं, हाताने उघडलेल्या मॅग्नम, पगारावरचा पिंपकार हे सगळं ऐकायला भारी वाटतं. स्टीलच्या टाकीत केलेल्या शॅम्पेनही जगात नावाजलेल्या आहेतच. मग ही मेहनत चवीत खरंच उतरते, की किंमत वाढवायला सांगायची गोष्ट आहे? आणि प्रत्येक मोठं ब्रँड "कुटुंबाचं घर" म्हणवून घेतं. इथे खरंच कुटुंब आहे का?

---

द्राक्षमळा_दिंडोरी

सचिन, स्टीलमध्ये कमीपणा काहीच नाही. आम्ही स्वतः स्टीलमध्येच करतो, आणि आमच्या हवामानात तेच योग्य आहे. जानेवारीत तोडणी झाली की दुपारी रस कधीकधी पंचवीस अंशांच्या वर येतो. त्याला ताबडतोब थंड टाकीत घातला नाही तर हाती काही राहत नाही. ज्यांना लिंबू, पांढरी फुलं, खडूचा धारदारपणा हवा त्यांच्यासाठी स्टीलच बरोबर. शॅम्पेनमधली काही फार मोठी नावं तेच करतात आणि अप्रतिम करतात. बोलिंजरला वेगळी वाइन हवी आहे, म्हणून त्यांची अवजारं वेगळी.

मेहनत चवीत उतरते का, याचं उत्तर बुचात आहे. शॅम्पेन गाळावर मुरत असते तेव्हा हल्ली जवळपास सगळेच बाटलीला सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण लावतात. स्वस्त, भरवशाचं, मशीनने निघणारं. तीनचार वर्षांच्या मुरण्याला ते उत्तम आहे, स्पेशल क्युवेलाही तेच लावतात. पण ला ग्रांद आने सात-आठ वर्षं किंवा जास्त मुरते, आणि तिला ते खरं बूच लावून वरून लोखंडी पकड ठोकतात. त्यांचं म्हणणं असं की पहिली काही वर्षं बुचातून पत्र्याच्या झाकणापेक्षा थोडी जास्त हवा जाते, पुढे हे उलटतं. झाकणाच्या आतली चकती थकते, बूच मात्र घट्ट राहतं. म्हणजे लांबच्या प्रवासाला बूच जास्त राखतं. पण मग ती बाटली मशीनवर उघडता येत नाही. कामगार एक एक बाटली हातात घेतो, पक्कडीने पकड काढतो, गाळ उडवतो आणि नाकाशी धरतो. वास चुकला की बाटली गेली. हा खर्च निव्वळ गोष्टीसाठी इतकी वर्षं कुणी करत राहणार नाही, असं मला एक सेलरमध्ये राबणारी बाई म्हणून वाटतं.

प्रेसचंही सांगते, कारण ते मी स्वतः केलेलं काम आहे. शॅम्पेनचा नियम असा की ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटर रसच घ्यायचा. त्यातला पहिला २,०५० लिटर निर्मळ, नंतरचा ५०० लिटर जरा रांगडा, सालीची चव उतरलेला. बोलिंजर पहिलाच रस ठेवतं. प्रेसवर उभं राहून पाहिलं की फरक डोळ्यांना दिसतो. शेवटीशेवटी रसाला गुलाबी-तपकिरी झाक येते आणि जिभेवर तुरट लागतो.

आता कुटुंबाचं. हो, घर अजून वंशजांच्या कंपनीकडेच आहे. सुरुवात १८२९ ची. आयीचे एक सरदार होते, काउंट दे व्हिलेरमाँ. जमीन आणि द्राक्षबागा होत्या, पण उमरावाने व्यापाराच्या पाटीवर नाव लावायचं नाही अशी तेव्हाची रीत. त्यांनी दोघांना हाताशी घेतलं. पॉल रेनोदाँ हा तिथला माणूस, आणि जोसेफ बोलिंजर हा जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गहून आलेला, विक्रीत तरबेज. घराला नाव मिळालं "रेनोदाँ बोलिंजर". जोसेफने पुढे काउंटच्याच मुलीशी लग्न केलं, फ्रेंच नागरिक झाला आणि झाक म्हणवून घेऊ लागला. रेनोदाँ पुढे घरात राहिला नाही, तरी त्याचं नाव लेबलवर १९८४ पर्यंत होतं.

पण या घराचं नाव काढलं की मला आठवते ती लिली बोलिंजर. जन्म १८९९ चा. नवरा झाक, संस्थापकाचा नातू, १९४१ मध्ये गेला. गावात जर्मन फौज, मुलंबाळं नाहीत, तळघरात माल आणि तो मागायला रोज कुणीतरी दारात. तिने घर चालवायला घेतलं ते १९७१ पर्यंत. पेट्रोल मिळत नसे म्हणून सायकलवरून बागा बघायला जायची. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, तरी तिची सायकल सुटली नाही. ओळींमधून फिरून प्रत्येक तुकडा तिला माहीत होता. याच काळात तिने नव्या बागा घेतल्या. आज निम्म्याहून जास्त माल घरचा आहे त्यात तिचा मोठा हात आहे. माझ्या आईने वडिलांच्या आजारपणात बाग अंगावर घेतली, छाटणीच्या मजुरांशी, औषधवाल्याशी, व्यापाऱ्याशी एकटीने बोलत राहिली. म्हणून असेल, लिलीबद्दल वाचताना मला कुठलीही परकी बाई वाचतेय असं वाटत नाही.

तिचा सगळ्यात धाडसी निर्णय म्हणजे आर. डी. काही चांगल्या वर्षांच्या वाइन तिने विकायच्या थांबवल्या आणि गाळावरच आणखी मुरू दिल्या. १९५२ सालची वाइन १९६७ मध्ये बाजारात आली, गाळ नुकताच काढलेला, जवळपास बिनसाखरेची. आर. डी. ही अक्षरं "नुकताच गाळ काढलेली" याचीच. तोवर जुनी शॅम्पेन म्हणजे दमलेली शॅम्पेन असं समजत. हिच्यात म्हातारपणाची खोली होती आणि गाळाने राखलेला ताजेपणाही. गाळ कधी काढला ती तारीख बाटलीवर असते. इतका माल पंधरा वर्षं पैसे न करता ठेवायचा, त्याला छाती लागते. बँकेचं कर्ज असलेल्या कुठल्याही बागाईतदाराला हे समजेल.

फार जुन्या, मुरलेल्या शॅम्पेनमध्ये कधीकधी मेथीदाण्याचा वास येतो. आपल्या नाकांना तो लगेच सापडतो. सोटोलॉन नावाचा जो पदार्थ मेथीत असतो तोच तिथेही तयार होतो. मला एकदा जुन्या बाटलीचा घोट मिळाला होता, तेव्हा बाकीचे मध आणि कॉफी शोधत होते आणि मला आमच्या घरचा मेथीचा डबा आठवला.

---

गणपुले_जुना

इतिहासात रस आहे म्हणून भर घालतो. १९११ च्या एप्रिलमध्ये आयी गाव अक्षरशः पेटलं होतं. व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षं आणि वाइन आणून शॅम्पेन म्हणून खपवत, आणि लागोपाठच्या वाईट हंगामांनी बागायतदार देशोधडीला लागले होते. त्यात हद्दीचा वाद. शेतकरी रस्त्यावर उतरले, तळघरं फोडली, पिंपं रस्त्यावर ओतली, लष्कर बोलवावं लागलं. 'आयाला' नावाचं शॅम्पेनचं मोठं घर तेव्हा जळालं, नंतर पुन्हा बांधलं गेलं. २००५ मध्ये हेच आयाला बोलिंजरच्या कंपनीने विकत घेतलं. कुठल्या भागाला शॅम्पेन म्हणायचं याचे नियम पुढे इतके कडक झाले त्यामागे हा संताप आहे.

आणि महाराष्ट्राचा धागा म्हणाल तर शॅम्पेनची पद्धत आपल्याकडे आली ती नारायणगावला, १९८० च्या दशकात. शामराव चौगुले यांनी पिपर-हाइडसिक या घराच्या तांत्रिक मदतीने फसफसती वाइन काढली आणि ती परदेशी पाठवली. दिंडोरीला शाँदाँ ही फ्रेंच कंपनी आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ताई, बोलिंजरची कलम न केलेली वेल असलेली बाग आहे ना? तिच्याबद्दल सांगा.

---

द्राक्षमळा_दिंडोरी

गणपुलेकाका, नारायणगावची आठवण काढलीत, बरं वाटलं. वडील तो काळ नेहमी सांगतात. एका शेतकऱ्याच्या मालाची शॅम्पेनसारखी बाटली निघते ही तेव्हा आमच्या भागात मोठी गोष्ट होती.

हो, ती बाग आहे आणि तिच्याबद्दल लिहायची संधी दिलीत म्हणून आभार. फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि १८९० च्या दशकात शॅम्पेनमध्ये पसरली. उपाय एकच निघाला, अमेरिकन खुंटावर कलम. अमेरिकन वेलीची मुळं किडीला दाद देत नाहीत. आमच्याकडे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात ते मुख्यतः पाणी आणि क्षारांसाठी, त्यांच्याकडे ते जगण्यासाठी होतं. जवळजवळ सगळा प्रांत कलमांवर गेला. बोलिंजरचे काही तुकडे मात्र, का कोण जाणे, वाचले. आज दोन उरलेत, आयीतच, शोद तेर आणि क्लो सँ-झाक. दोन्ही मिळून अर्धा हेक्टरही नाहीत. तिसरा बूझी गावातला तुकडा या शतकाच्या सुरुवातीला किडीने नेलाच.

तिथे ओळी नाहीत, तारा नाहीत. जुन्या पद्धतीने वेलींची गर्दी. नवं रोप आणून लावत नाहीत. जुन्या वेलीची फांदी वाकवून मातीत दाबतात आणि तिला मुळं फुटली की तीच नवी वेल. म्हणजे आपलं दाब कलम. माझी आजी मोगऱ्याला करायची ते. दरवर्षी असं दाबत दाबत बाग पुढे सरकते, आणि आत सगळी जुनीच मुळं. ट्रॅक्टर शिरणं शक्यच नाही, सगळं हाताने आणि घोड्याने. पीक कमी, घड लहान, पण रस असा दाट की नुसत्या पिनो न्वारची वेगळी शॅम्पेन काढतात. पहिली १९६९ सालच्या द्राक्षांची, लिली सत्तरीला आली त्या वर्षाची. तिची चव मी घेतलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही. बागेच्या भिंतीबाहेर मात्र बराच वेळ उभी राहिले आहे. वाकडेतिकडे खुंट, प्रत्येकाला वेगळी काठी, आणि बागेला लागूनच माणसांची घरं. ज्या शेतकऱ्याने रात्रंदिवस खुंट, अंतर, तारेची उंची यांचा हिशेब केलाय, त्याने एकदा तरी तिथे उभं राहावं असं मला फार मनापासून वाटतं.

---

निरंजन_माहीम

ताई, सगळ्यांचेच आभार. तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. साडूंनी ते दोनदा वाचले आणि "पत्र्याचं झाकण आणि बुचाचं मला माहीत नव्हतं" म्हणाले. ताईला दुसरी बाटली त्यांच्या समोरच उघडायची आहे.

शेवटचे दोन प्रश्न. ही बाटली तीनचार वर्षं ठेवली तर आणखी मुरेल का? आणि तिच्याबरोबर आपल्या घरचं काय खावं? आम्ही सीकेपी, मासे तर असणारच.

---

द्राक्षमळा_दिंडोरी

ठेवली तर मुरते, हे खरं. स्पेशल क्युवेला दोनतीन वर्षांत अक्रोड आणि मधाची बाजू वाढते, लिंबू मागे जातो. पण त्याला १०-१२ अंशांचा अंधार लागतो, बारा महिने सारखा. माहीमच्या घरात मे महिन्यात कपाटात ठेवलीत तर ती मुरणार नाही, शिजेल. आणि मग साडू म्हणाले होते तेच खरं ठरेल. वाइनचं थंड कपाट नसेल तर येत्या दोनतीन महिन्यांत उघडा. तोवर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. दारात नको, तिथे हेलकावे आणि दिवा दोन्ही असतात.

खाण्याचं म्हणाल तर पिनो न्वारच्या शॅम्पेनला जेवण झेपतं, नुसत्या काजूंवर तिला संपवू नका. तळलेली सुरमई, रव्यातली, मसाला बेताचा. फेस आणि आंबटपणा तेल कापतो आणि रव्याचा खरपूसपणा वाइनमधल्या पावाशी जुळतो. कोलंबीचं खिचडंही चालेल. ओल्या नारळाचं गोडूस जे काही असेल ते छान जाईल. आंबट चिंचेचं किंवा जळजळीत तिखट कालवण मात्र बाजूला ठेवा. त्याने साखर कमी असलेली वाइन कडू लागते. कोंबडीच करायची असेल तर काजूच्या वाटणातली, पांढऱ्या रश्श्याच्या अंगाने जाणारी करा.

उघडताना बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच फिरवू नका. आवाज होऊ द्यायचा नाही. आत सहा बारच्या आसपास दाब असतो, तो हळू सोडला तर फेस पेल्यात उतरतो. पहिला पेला ताईंना द्या, आणि पंधरा मिनिटांनी साडूंना परत विचारा.